नवी गाडी हायवेवर भरकटते, अलाइनमेंटचा रिपोर्ट मात्र सगळा हिरवा

सांगेकर
मंडळी, चवथीच्या तोंडावर नवी कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतली. गावात काही जाणवत नाही, पण हायवेवर सत्तरच्या वर गेलं की स्टेअरिंग सारखं सावरावं लागतं, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. झुआरी पुलावर तर जास्तच. वर्कशॉपने चाकांचं अलाइनमेंट करून रिपोर्ट दिला, आकडे सगळे हिरवे, म्हणजे मर्यादेत. त्यानंतर सरळ रस्त्यावर स्टेअरिंग किंचित उजवीकडे तिरकं दिसू लागलंय. "टायर सेट झाले की जाईल" म्हणतात. पुढे काय तपासून घेऊ?

फोंडा_टायरवाला
दादा, या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी. गाडी कायम एकाच बाजूला जात असेल तर ती ओढते. दोन्हीकडे जात असेल तर भरकटते. गाडी सरळ चालते पण स्टेअरिंग तिरकं, हा टोचा हिशोब (टो म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांची तोंडं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते). तुमच्याकडे दुसरी आणि तिसरी आहे.

सर्वांत आधी हवा बघा. ट्रेलरवरून येताना टायर एका जागी चपटे पडू नयेत म्हणून हवा मुद्दाम जास्त भरलेली असते. डिलिव्हरीआधी ती कमी करायची असते, नेमकं तेच राहून जातं. सकाळी गाडी हलवण्याआधी, टायर थंड असताना मोजा आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरशी ताडून पाहा. स्टिकरवर ३३ पीएसआय आणि टायरमध्ये ४५ असेल तर टायर फक्त मधल्या पट्ट्यावर टेकतो आणि रस्त्यावरच्या प्रत्येक रेघेमागे गाडी पळते. पेट्रोल पंपाच्या गेजवर भरवसा नको, स्वतःचं गेज घ्या.

टायर सेट होण्यात थोडं तथ्य आहे. कोऱ्या टायरच्या नक्षीचे ठोकळे पूर्ण उंचीचे असतात, त्यामुळे सुरुवातीला स्टेअरिंग जरा सैल वाटतं. पण सतत सावरावं लागणं हे त्यात बसत नाही.

म्हापसा_हायवे
पुलाचं वेगळं काढा. पावसाळी वारा समुद्राकडून येतो. पणजीहून मडगावला जाताना तो उजव्या अंगाला लागतो, परतताना डाव्या. ढकलण्याची दिशा जाता-येता उलटत असेल तर तो वारा. उंच गाडीला तो लागणारच, त्यात वरती कॅरियर असेल तर विचारूच नका.

आणि आपले रस्ते पाणी जावं म्हणून डावीकडे दोन-अडीच टक्के उतरते असतात, त्यामुळे हात सैल सोडला की कुठलीही गाडी हळूहळू डावीकडे जाते. खात्री करायची तर मोठ्या मोकळ्या पार्किंगमध्ये एकाच रेषेवरून दोन्ही दिशांनी हळू चालवा. दरवेळी जमिनीच्या एकाच बाजूला गेली तर उतार, दरवेळी गाडीच्या डाव्या हाताला गेली तर गाडी.

लेन असिस्ट (गाडी पट्ट्यांच्या मधे ठेवायला स्टेअरिंग आपोआप वळवणारी सोय) असेल तर ते बंद करून एकदा बघा. पांढरी पट्टी पुसट झाली की तेही मधेच हिसका देतं.

डिचोली_गॅरेज
रिपोर्ट हिरवा म्हणजे काम झालं असं नाही. बऱ्याच ठिकाणी कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा बाजूने दिसणारा पुढे-मागे कल) मोजतच नाहीत. त्यासाठी चाकं टर्न प्लेटवर (चाकाखालच्या फिरत्या चकतीवर) डावी-उजवी फिरवावी लागतात, आणि रांग असली की हे वगळतात. कॅस्टरचा रकाना रिकामा आहे का ते आधी बघा. भरकटण्याला कमी कॅस्टर आणि टो-आउट (चाकांची तोंडं बाहेर) हे दोघे मुख्य जबाबदार. कॅस्टर किंवा कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा आत-बाहेर कल) यांत डाव्या-उजव्या चाकात अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर गाडी ओढूही लागते. अशा बहुतेक गाड्यांत पुढे फक्त टो सेट होतो. बाकी दोन चुकले तर सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन धरणारा खालचा सांगाडा) सरकलाय, लोअर आर्म वाकलाय किंवा शॉकअप नीट बसलेला नाही. मशीनवर ते जागेवर येत नाही.

आकडे वाचतानाही घोळ होतो. ०°१०' म्हणजे दहा मिनिटं, साधारण ०.१७ अंश. ०.१० अंश वेगळे. पंधरा इंची रिमवर एकूण टो १ मिमी म्हणजे साधारण ९ मिनिटं.

तिरकं स्टेअरिंग: चाकं सेट करताना ते मधोमध लॉक केलेलं नव्हतं. दुरुस्तीत एक टाय रॉड (स्टेअरिंगपासून चाकापर्यंत जाणारा दांडा) जितका आखूड, तितकाच दुसरा लांब. एकूण टो बदलत नाही. नंतर चेकनट (टाय रॉडची लांबी पक्की करणारे नट) घट्ट झाले की नाही ते समोर उभं राहून पाहा, आणि स्कॅनर लावून स्टेअरिंग अँगल सेन्सर शून्यावर घ्यायला सांगा. त्याआधी रिपोर्टवर थ्रस्ट अँगल (मागची चाकं गाडीच्या मधल्या रेषेपासून किती तिरकी ढकलतात तो कोन) वाचा. मागचा अ‍ॅक्सल तिरका असेल तर पुढे कितीही फिरवलं तरी फसवाफसवीच.

सांगेकर
हवा चारही टायरमध्ये ४४ निघाली! स्टिकरप्रमाणे ३३ केली. भरकटणं बरंच कमी झालं. कॅस्टरचा रकाना रिकामाच आहे. वळण घेतल्यावर स्टेअरिंग पूर्ण मधे येत नाही, थोडं तिथेच राहतं. हे काय?

डिचोली_गॅरेज
मग कुठेतरी आवळलंय. पुढची दोन्ही चाकं जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, इंजिन बंद ठेवून चाक हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. एखाद्या जागी जड लागलं तर शॉकअपच्या वरचं बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा स्टेअरिंग कॉलमचा क्रॉस (दांड्यातला सांधा). बेअरिंग अडकत असेल तर स्प्रिंगवर बोटं ठेवा: सरळ फिरण्याऐवजी ती ताणून 'टक्' करून सुटते. तिथेच खेळही बघून घ्या. चाक तीन आणि नऊच्या जागी धरून हलवल्यावर खटखट आली तर टाय रॉड एंड, बारा आणि सहाला आली तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग.

जॉब कार्डवर "अलाइनमेंट करा" असं लिहू देऊ नका, ते वॉरंटीत सहसा बसत नाही आणि पुन्हा टो फिरवून गाडी परत देतील. "वळणानंतर स्टेअरिंग मधे परतत नाही, सरळ रस्त्यावर तिरकं राहतं" असं लिहून घ्या. टेस्ट ड्राइव्हला टेक्निशियनला शेजारी बसवा आणि कॅस्टरसकट आधीचा-नंतरचा दोन्ही प्रिंट मागा.