वाड्याच्या उकिरड्यात सापडलेल्या बाटल्या : काळ कसा ओळखायचा?

कसबेकर
पुण्याच्या कसब्यात नदीच्या अंगाला आमच्या मालकीचा जुना वाडा उतरवून नवं बांधकाम चालू आहे. मागच्या अंगणात साडेतीन फुटांवर राख, कोळसा आणि फुटक्या कौलांचा थर लागला. त्यात तीन बाटल्या शाबूत निघाल्या. पहिली फिकट हिरवट, मानेत काचेची गोटी. दुसरी गडद निळी, षटकोनी, तीन बाजूंना उभ्या कंगोऱ्या. तिसरी साधी पांढरी, पण उजेडात धरली की किंचित जांभळी झाक. तिन्हींना आतून दुधी थर आहे. काळ कशावरून ठरवायचा आणि धुवायच्या कशा? थर अजून भिंतीकडे पुढे जातो आहे.

मुरूममाती
आधी खड्ड्याचं बोलतो, कारण बाटल्या पळून जाणार नाहीत. थर भिंतीकडे जातोय म्हणून आडवी बोगद्यासारखी कोरणी अजिबात करू नका. वरची काळी माती भेगाळलेली असते, एका बाजूचा आधार गेला की सपशेल कोसळते. वरून रुंद उघडा, बाजूंना उतार द्या, चार फुटांखाली आधाराच्या फळ्यांशिवाय उतरू नका. काढलेली माती काठापासून निदान दोन फूट लांब टाका. राखेत पहार किंवा कुदळ नको, खुरपं आणि हात, तेही जाड हातमोजे घालून. धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं असावं.

बाटली दिसली की तोंडाला धरून उपसू नका. मान तिथेच मोडते. चारी बाजूंची माती सुटी करा आणि बुडाखाली हात घालून उचला.

खड्ड्याच्या बाजूचा उभा काप नीट पाहा. नदीकाठच्या पेठेत वरच्या भागात बारीक, एकसारख्या गाळाचा पट्टा दिसला, तर तो १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराचा असू शकतो. तसा पट्टा सलग, न उकरलेला असेल तर त्याखालचं सगळं त्याआधीचं. प्रत्येक बाटलीची खोली चिठ्ठीवर लिहून ती बाटलीसोबतच ठेवा. एकदा टोपलीत सगळं एकत्र झालं की ही माहिती परत मिळत नाही.

जोडरेघ
काळ ओळखायची पहिली खूण साच्याची जोडरेघ, म्हणजे साच्याचे भाग जुळतात तिथे काचेवर उमटणारी रेघ. अंगावरून वर जाणारी रेघ तोंडाच्या खालीच विरत असेल तर तोंड हाताने घडवलेलं, म्हणजे बहुधा पहिल्या महायुद्धाच्या आसपासची किंवा आधीची. रेघ थेट ओठावरून पार गेली असेल तर यंत्रावरची. बाटल्या बनवणारं ओवेन्सचं स्वयंचलित यंत्र १९०३ चं.

पण गोटीच्या बाटलीला ही कसोटी लावू नका! आधी अंग, मग आत गोटी, मग तोंड आवळून घडवायचं, अशी तिची रीतच असल्यामुळे ओठावर रेघ नसणं हा जुनेपणाचा पुरावा होत नाही. हायरम कॉडने या गोटीच्या सोडा-बाटलीचं पेटंट घेतलं १८७० च्या सुमारास, आणि अशा बाटल्या भारतात आजही बनतात. तिथे बूड बघा. खऱ्या वापराने बुडाच्या कडेवर बारीक ओरखडे सगळ्या दिशांना पडतात. एकाच दिशेचे समांतर ओरखडे असतील तर जुनी भासवायला पॉलिशपेपर फिरवलेला. ओठाच्या आतल्या खाचेत रबराची चकती असायची, ती कुजून गेलेली असते. उठावाची अक्षरं कागद ठेवून पेन्सिलने घासून घ्या. तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्याचं नाव असेल तर ती १९०८ च्या आधीची असूच शकत नाही.

निळी कंगोरेदार बाटली बहुतेक विषारी औषधाची. अंधारात बोटांना कळावी म्हणून त्या कंगोऱ्या. ‘नॉट टू बी टेकन’ (पोटात घेऊ नये) असं कोरलेलं असेल तर शंकाच नको. नुसता निळा रंग मात्र पुरेसा नाही, एरंडेलही निळ्या बाटलीत यायचं.

जांभळी झाक मँगनीजमुळे. काचेचा हिरवटपणा मारायला ते घालत, आणि उन्हात राहिली की काच जांभळट होते. मातीखाली हे होत नाही, म्हणजे गाडली जाण्याआधी ती बराच काळ उघड्यावर पडलेली होती. विक्रीला येणाऱ्या भडक जांभळ्या बाटल्यांपासून सावध, तो रंग किरणोत्सर्गाने आणलेला असतो.

कसबेकर
निळीच्या तळाशी वाळलेला तपकिरी गाळ आहे. व्हिनेगर घालू का?

काचघर
नाही. आत काय होतं ते कळेपर्यंत कोणतंही आम्ल नको, वास घेऊ नका, स्वयंपाकघराच्या मोरीत तर धुवूच नका. बूच लावून, चिठ्ठी चिकटवून मुलांच्या हाताबाहेर ठेवा.

बाकी दोन साध्या गार पाण्यात साबणाचे थेंब टाकून दोन दिवस बुडवून ठेवा. गरम पाणी आणि ऊन, दोन्हींनी तडा जातो. मग दुधी थराची परीक्षा: ओली असताना थर दिसेनासा होऊन वाळल्यावर परत आला, तर ती काचच झिजली आहे. ओलाव्याने काचेतला क्षार शोषून नेलेला असतो, तो कशानेही धुतला जात नाही. घासलं तर पापुद्रे निघतील. ओलेपणीही थर तसाच राहिला तर चुना समजा. व्हिनेगर आणि पाणी समसमान, तीन-चार तास. पांढरीत नंतर विजेच्या तांब्याच्या तारेचे दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे आणि साबणपाणी घालून हळू फिरवा. वाळू घातली की काच कायमची ओरखडते. गोटीवालीत यातलं काही घालू नका, ब्रशही मानेपुढे जात नाही. भिजवणं आणि पाणी बदलणं, एवढंच.

आणि शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते. परदेशातल्या कुणी मागितली तरी पाठवू नका.