रॉबर्ट ग्रे: पृथ्वीप्रदक्षिणा झाली, मग मालकांच्या हाती पैसा का लागला नाही?

खाडीकाठ:
बॉस्टनहून निघणारा कप्तान रॉबर्ट ग्रे (जन्म १७५५, टिव्हर्टन, ऱ्होड आयलंड) ह्याच्याबद्दल वाचतोय. ऑगस्ट १७९० मध्ये तो 'कोलंबिया रेडिव्हिवा' घेऊन परतला. अमेरिकी झेंड्याखाली पृथ्वीला वळसा घालणारं हे पहिलं जहाज. पण मालकांना तोटा झाला म्हणतात, ते पटत नाही. ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुकच्या खलाशांना चीनमधल्या कँटन बंदरात समुद्री पाणमांजराच्या चांगल्या कातड्याला १२० डॉलरपर्यंत भाव मिळाला होता, आणि ग्रेने १७८९ मध्ये अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या हैडा लोकांकडून दोनशे कातडी दोनशे पटाश्या देऊन घेतली. मग हिशोब बिघडला कुठे? ह्याच धंद्यासाठी मुंबईहूनही जहाजं गेली होती का?

तिसरी डोलकाठी:
तो १२० डॉलरचा भाव १७७९ चा, आणि तोही निवडक कातड्यांचा. १७८४ मध्ये तो छापून आला आणि दोन-तीन वर्षांत सगळे तिकडे धावले. कँटनला माल वाढला, भाव उतरला. ग्रे पोचला तो ह्या उताराच्या काळात.

पटाश्यांचा सौदाही दिसतो तितका सोपा नव्हता. बॉस्टनहून आणलेल्या मालात आरसे, उंदरांचे सापळे, तोंडाने वाजवायची मोरचंगं असल्या वस्तू होत्या आणि त्यांना किनाऱ्यावर कोणी विचारेना. लोकांना हवं होतं लोखंड आणि तांबं. म्हणून जहाजावरच्या लोहाराने लोखंडी पट्ट्यांपासून पटाश्या घडवल्या. त्या संपल्या की सौदा थांबला. पुढच्या वर्षी तोच माल चालेल ह्याचीही खात्री नव्हती. एका गावात पटाश्या भरपूर झाल्या की तिथे तांब्याचे पत्रे, जाड लोकरी कापड, नंतर बंदुका मागायला लागायचे. तिथल्या हैडा आणि नुउ-चा-नुल्थ लोकांचे प्रमुख घासाघीस करण्यात मुरलेले होते. काचेच्या मण्यांवर भुलणारे भोळे लोक असं त्यांचं चित्र कुठे वाचलं असेल तर ते सोडून द्या.

मोठा फटका बसला तो वेळेचा. बॉस्टनचा व्यापारी जोसेफ बॅरेल आणि त्याच्या साथीदारांनी प्रत्येकी ३,५०० डॉलरचे १४ हिस्से केले होते, म्हणजे ४९,००० डॉलरचं भांडवल. १७८७ च्या सप्टेंबरअखेर दोन जहाजं निघाली. मोठं, २१२ टनांचं 'कोलंबिया' जॉन केंड्रिककडे आणि लहान 'लेडी वॉशिंग्टन' ग्रेकडे. केंड्रिकने केप व्हर्दे बेटांवरच महिन्याहून जास्त मुक्काम केला, त्यामुळे केप हॉर्नला पोचेपर्यंत मोसम उलटला होता. तिथल्या वादळात दोन्ही जहाजांची ताटातूट झाली. ती त्या वायव्य किनाऱ्यावरच्या नूटकाच्या खाडीत पोचली सप्टेंबर १७८८ मध्ये, म्हणजे कातडी घ्यायचा हंगाम संपल्यावर! अख्खा हिवाळा बसून काढावा लागला. जुलै १७८९ मध्ये दोघांनी जहाजांची अदलाबदल केली आणि माल घेऊन कँटनला ग्रे गेला.

आता कँटन. परदेशी जहाज मकावला वाटाड्या घेऊन कँटनजवळच्या व्हाम्पोआला नांगर टाकायचं. तिथे जकात अधिकारी जहाज मोजायला येई. पुढच्या डोलकाठीपासून मागच्या डोलकाठीपर्यंतची लांबी गुणिले मधली रुंदी, भागिले दहा. त्या आकड्यावर बंदरपट्टी ठरायची. त्याशिवाय १,९५० तैलांचा (तैल म्हणजे चांदीचं चिनी वजन) ठरलेला नजराणा. ७२० तैलांना १,००० डॉलर धरले तर हे साधारण २,७०० डॉलर होतात. हा नजराणा जहाज लहान असो की मोठं, तेवढाच. ईस्ट इंडिया कंपनीच्या हजार टनांच्या जहाजाला तो जाणवायचा नाही, २१२ टनांच्या जहाजाला चांगलाच जाणवायचा. त्यावर जामीन राहणारा हाँग व्यापारी (परदेशी व्यापाराचा परवाना असलेला चिनी), दुभाषी, किराणा पुरवणारा दलाल, अडत्याचं कमिशन आणि जहाजाची डागडुजी. ग्रेची कातडी सुमारे २१,४०० डॉलरला गेली आणि खर्च वजा जाता ११,२०० च्या आसपास उरले. त्यातून बोही नावाचा काळा चहा घेतला. बॉस्टनला पेट्या उघडल्या तेव्हा त्यातला बराचसा खाऱ्या पाण्याने खराब झालेला निघाला. दोन हिस्सेदारांनी लगेच आपले हिस्से विकून टाकले.

खाडीकाठ:
इतका तपशील एका ठिकाणी मिळाला नव्हता, आभार. कातडी एवढ्या लांबच्या प्रवासात टिकायची कशी?

तिसरी डोलकाठी:
नीट वाळवलेली असली तरच. पाणमांजराच्या कातडीखाली व्हेलसारखा चरबीचा थर नसतो, म्हणून तिची लव अतिशय दाट असते. पण आतल्या बाजूला मांसाचे अंश राहिले किंवा ओल राहिली तर कीड लागते आणि लव गळते. उघडीप मिळाली की कातडी डेकवर पसरायची, झटकायची, पुन्हा कोरड्या पेट्यांत भरायची. सुरुवातीच्या वर्षांत बरीचशी खरेदी वापरलेल्या झग्यांची होती, दोन-तीन कातडी जोडून शिवलेल्या. ते झगे उसवून साफ करावे लागत.

मुंबई बंदर:
मुंबईबद्दल: हो, गेली होती. डिसेंबर १७८५ मध्ये 'कॅप्टन कुक' (३०० टन) आणि 'एक्सपेरिमेंट' (१०० टन) मुंबईहून निघाली. पैसा मुख्यतः मुंबईचा व्यापारी डेव्हिड स्कॉट ह्याचा, मोहिमेचा प्रमुख कंपनीच्या मद्रासच्या नोकरीतला जेम्स स्ट्रेंज. १७८६ च्या जूनअखेर ती नूटकाला पोचली. सहाशेच्या वर कातडी मिळाली, कँटनला साधारण २४,००० डॉलर आले. दोन जहाजांच्या खर्चापुढे ते पुरले नाहीत आणि दुसरी मोहीम निघाली नाही. जॉन मॅके नावाच्या शस्त्रवैद्याच्या मदतनिसाला त्यांनी नूटकाला प्रमुख माक्विना ह्याच्याकडे ठेवलं होतं. त्याला पुढच्या वर्षी ब्रिटिश कप्तान बार्कलीने जहाजावर घेतलं.

मूळ अडचण परवान्याची. ब्रिटिश व्यापाऱ्याला कातडी कँटनला विकता यायची, पण चहा भरून लंडनला नेता येत नसे, तो मक्ता कंपनीचा. बार्कलीने त्यासाठी ऑस्ट्रियाचा झेंडा लावून ऑस्टेंडहून जहाज काढलं. बॉस्टनवाल्यांना हे बंधन नव्हतं. म्हणून पहिल्या तोट्यानंतरही बॅरेलने ग्रेला सात आठवड्यांत परत पाठवलं.

नकाशाघर:
दुसऱ्या सफरीशिवाय ग्रेचं चरित्र पुरं होत नाही. २८ सप्टेंबर १७९० ला निघून तो जून १७९१ मध्ये त्याच किनाऱ्यावरच्या क्लेयोक्वॉटला, म्हणजे हंगामातच पोचला. हिवाळ्यात किनाऱ्यावर 'फोर्ट डिफायन्स' उभारून ४५ टनांचं 'ॲडव्हेंचर' बांधलं, आणि पुढे ते स्पॅनिशांना सत्तरच्या वर कातड्यांच्या बदल्यात विकलं.

११ मे १७९२ ला तो कोलंबिया नदीत शिरला. आधी एकदा त्याच अक्षांशावर बाहेर येणाऱ्या प्रवाहाने त्याला नऊ दिवस अडवलं होतं. ब्रिटिश कप्तान जॉर्ज व्हँकुव्हरने एप्रिलमध्ये तिथलं गढूळ पाणी पाहिलं, पण दखल घेतली नाही. ह्या वेळी ग्रेला वारा साधला आणि फुटणाऱ्या लाटांच्या मधून ५ ते ७ वाव पाण्यातून तो आत गेला. १४ मे ला जहाज वाळूला टेकलं, पण आपोआप सुटलं. नदीतला भाव 'कोलंबिया'वरचा तरुण अधिकारी जॉन बॉईट ह्याच्या रोजनिशीत आहे: तांब्याच्या एका पत्र्याला पाणमांजराची चार कातडी, बीव्हरच्या कातड्याला दोन मोठे खिळे. मिळाली १५० पाणमांजराची, ३०० बीव्हरची.

पण त्याआधीच्या मार्च महिन्याबद्दलही लिहायला हवं. हल्ल्याचा कट असल्याचं कळल्यावर ग्रेने क्लेयोक्वॉट सोडताना ओपित्सात गाव जाळायला लावलं. बॉईटच्या अंदाजाने सुमारे दोनशे घरं, कोरीव खांबांची. आपल्याला हे करावं लागलं ह्याचं दुःख बॉईटने रोजनिशीत नोंदवलंय. २००५ मध्ये ग्रेच्या वंशजांनी तिथल्या त्ला-ओ-क्वि-आट लोकांची जाहीर माफी मागितली.

ग्रे १८०६ च्या सुमारास वारला. पैसा मागे राहिला नव्हता. १८४६ मध्ये त्याच्या विधवा मार्थाने निर्वाहवेतनासाठी काँग्रेसकडे अर्ज केला, त्यात त्याने शोधलेल्या नदीचाही आधार घेतला होता.