घरच्या घरी थर्मोस्टॅट बदललाय? अनुभव लिहा

गाडी तापली की आपल्याकडं पहिला सल्ला ठरलेला: वॉल (म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिनातून रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणारी-सोडणारी झडप) काढून टाका. बरीच मंडळी मान हलवून मोकळी होतात, म्हणून हा धागा काढतोय. ज्यांनी स्वतः थर्मोस्टॅट बदललाय त्यांनी कसा बदलला, कुठं अडलं, काय चुकलं ते मोकळेपणानं लिहा. सुरुवात मी करतो.

भुईबावडा घाट चढताना माझ्या पेट्रोल गाडीचा काटा वर सरकायला लागला आणि गगनबावड्यात लाल पट्टीला टेकला. बाजूला घेऊन बॉनेट उघडलं. कूलंट टाकीत व्यवस्थित, गळती कुठं नाही. इंजिन भट्टीसारखं तापलेलं आणि रेडिएटरकडं जाणारा वरचा होज मात्र हाताला नुसता कोमट. पाणी इंजिनातच कोंडलंय, हे तिथंच कळलं. अर्धा तास गार होऊ दिली, मग हीटर फुल गरमवर टाकून, काचा खाली करून, तीन ठिकाणी थांबत निघालो. पुढं फुलेवाडीपर्यंत उसाच्या ट्रॉल्या. प्रत्येक ब्रेकला नजर काट्यावर.

गॅरेजवाला म्हणाला, "काढून टाकतो वॉल, आपल्याकडं काय बर्फ पडतोय?" मी नको म्हटलं. थर्मोस्टॅट फक्त थंडीसाठी नसतो. इंजिन लवकर तापावं आणि मग ८०-९० अंशांच्या आसपास टिकावं, हे त्याचं काम. त्याच्या डबीत मेण असतं. ते तापून फुगलं की दांडी ढकलली जाते आणि झडप उघडते. वॉलच काढला तर इंजिन गार पळतं, पेट्रोल जास्त खातं, ऑइलमध्ये ओल साठते. शिवाय काही इंजिनांत वॉलची खालची तबकडी बायपासचं भोक झाकते. वॉल नसला तर बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं, म्हणजे चढाला गाडी उलट जास्त तापायची.

रविवारी सकाळी गाडी पूर्ण गार असताना हात घातला. रेडिएटरचा खालचा कॉक सोडून कूलंट टबात घेतलं, होज काढला, १० च्या पान्यानं हाउसिंगचे दोन बोल्ट सोडले. वॉल हातात आला तर कडेला तांबड्या गंजाचा पापुद्रा आणि झडपेच्या फटीत खडूसारखा पांढरा थर. इतकी वर्षं बोअरचं पाणी ओतत होतो, त्याचा तो थर. नवा बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडं आणि हवा सोडणारी छोटी टिकली वरच्या अंगाला. आता निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. एकूण दीड तास लागला.

राजारामपुरीहून

नवा वॉल बसवायच्या आधी पातेल्यात उकळून बघा. झडपेच्या फटीत दोरा अडकवायचा आणि वॉल पाण्यात लोंबता सोडायचा, तळाला टेकू द्यायचा नाही. शेजारी ११० अंशांपर्यंतचा थर्मामीटर, तापाचा नव्हे. माझ्या वॉलवर ८२ कोरलं होतं. ८३ ला दोरा सुटला आणि वॉल टप्पकन तळाला गेला. जुना मात्र पाणी खळखळलं तरी दोरा सोडेना. एक लक्षात ठेवा, कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, इथं पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. झडप पूर्ण उघडायला ९५ च्या घरात तापमान लागतं. तेव्हा पाणी चांगलं उकळू द्या, मगच नव्याला खराब म्हणा. ते पातेलं परत स्वयंपाकाला घेऊ नका.

कसबा बावड्याहून

माझा बोल्ट तुटला. ॲल्युमिनियममध्ये लोखंडी बोल्ट, बारा वर्षं न हललेला. जोर केला, कट्कन आवाज आला आणि डोकं पान्यात राहिलं. त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातले एक मिस्त्री घरी आले. आधी बॅटरीच्या वायरी सोडायला लावल्या, मग उरलेल्या खुंटावर नट ठेवून वेल्डिंग मारलं आणि पाना लावून तुकडा सावकाश बाहेर काढला. आटे शाबूत राहिले. बोल्टांना आदल्या रात्री गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा. अडला तर थोडा सैल, थोडा घट्ट असं करत काढा.

मंगळवार पेठेतून

आमच्या गाडीत वॉलच नव्हता आणि दोन वर्षं आम्हाला पत्ता नव्हता. गाडी जुनी घेतलेली. थंडीत जोतिबाला जाऊन आलं तरी काटा निम्म्यावर यायचा नाही. मला वाटायचं, गार राहते म्हणजे चांगलंच आहे. आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, तीस वर्षं उद्यमनगरात फिटर होते. ते म्हणाले, "पोरी, इंजिन गार ऱ्हाणं म्हंजे निरोगी न्हवं. उघड बघू." उघडलं तर खोबण रिकामी!

आप्पांना आता वाकता येत नाही. ते खुर्चीवर बसून सांगत होते, हात माझे. जुनं पॅकिंग ब्लेडनं खरवडायच्या आधी त्यांनी भोकात फडक्याचा बोळा कोंबायला लावला, भुकटी आत जाऊ नये म्हणून. खरवडण्यातच पाऊण तास गेला. दर वेळी आप्पा बोट फिरवून बघायचे आणि म्हणायचे, "अजून लागतंय हाताला." नवा वॉल बसल्यावर काटा पहिल्यांदा निम्म्याजवळ येऊन थांबला. लिटरमागं दीड किलोमीटर वाढलंय, पेट्रोलच्या पावत्या ठेवून हिशेब केलाय.

कळंब्याहून

वॉल बदलूनही गाडी तापली तर आधी एअर काढा. मी घरासमोरच्या चढावर नाक वर करून लावली. इंजिन गार असतानाच टोपण उघडलं (तापलेल्या इंजिनाचं टोपण कधीच उघडायचं नाही), हीटर फुल गरमवर ठेवला आणि गाडी चालू केली. फडक्यानं धरून वरचा होज दाबत राहिलो. बुडबुडे यायचे, पातळी खाली जायची, परत भरायचं. फॅन दोनदा लागून बंद झाला तेव्हा कुठं बुडबुडे थांबले.

उचगावहून

कूलंट गटारीत ओतू नका. त्यातलं ग्लायकॉल गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. आमच्या बोळातलं एक मांजर असंच गेलं. तेव्हापासून टब क्षणभरही उघडा ठेवत नाही.

धागा काढणारा परत

सगळ्यांचे मनापासून आभार. एक भर घालतो. काल मेहुण्याच्या नव्या गाडीचं बॉनेट उघडलं. तक्रार हीच, गाडी गारच राहते, ॲव्हरेज पडलंय. वॉल प्लॅस्टिकच्या हाउसिंगसकट एकत्र, तोही इनटेकच्या खाली, हात जाईना. असं असेल तर हट्ट करू नका. गाडी गॅरेजात दिली आणि एवढंच सांगितलं, नवा बसवा आणि जुना परत द्या. संध्याकाळी जुना आला. राजारामपुरीकरांनी सांगितल्याप्रमाणं दोरा अडकवायला गेलो तर दोरा धरेचना. गार वॉलचीही झडप उघडीच होती.