छोटी एसयूव्ही: कोरी बेस मॉडेल की वापरलेली टॉप मॉडेल?

कृष्णाकाठ

‘घरात पाच माणसं, आईचे गुडघे दुखतात, ऑन रोड, म्हणजे कर-विमा धरून, दहा लाखांत बसवायचंय, कोणती गाडी घेऊ?’ ओळखीतलं कुणी ना कुणी हे विचारतंच. सल्लाही ठरलेला असतो: चार मीटरच्या आतली एसयूव्ही बघ, नेक्सॉन, व्हेन्यू, ब्रेझा, सोनेट, थ्रीएक्सओ, जी झेपेल ती, पण कोरी घे. जुन्याच्या भानगडीत पडू नकोस.

यातलं शेवटचं वाक्य मला अजिबात पटत नाही. माझं म्हणणं असं की बजेट ताणून कोरी बेस मॉडेल घेण्यापेक्षा तीच गाडी तीन ते पाच वर्षं वापरलेली, फर्स्ट ओनर, वरच्या मॉडेलची घ्यावी.

आधी पैशाचं बघू. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के आरटीओ कर आहे, डिझेलला १३. हा कर पहिल्या मालकाने भरलेला असतो आणि विकताना तो त्याला कुणी परत देत नाही. विमा कंपन्यांचं घसाऱ्याचं कोष्टक बघा: सहा महिने ते एक वर्ष १५ टक्के, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४०. बाजारातला भाव एवढा उतरत नाही हे मान्य, पण सगळ्यात मोठी घसरण पहिल्या मालकाच्याच खात्यावर पडते.

आता कर्ज. आठ लाख ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढले, तर हप्ता सुमारे १२,८७० रुपये आणि एकूण व्याज २ लाख ८० हजारांच्या वर. जुन्या गाडीच्या कर्जाचा दर जास्त असतो. पण तिथे तीन लाखच लागत असतील, तर १३ टक्के दराने आणि तीन वर्षांच्या मुदतीने व्याज ६४ हजारांच्या आसपास बसतं. मुलांच्या फीच्या वयात सात वर्षांचा हप्ता डोक्यावर घेणाऱ्यांची मला खरंच काळजी वाटते.

शिवाय रोज हाताखाली काय येतं तेही बघा. मागच्या काचेचा वायपर, मागच्या सीटला एसीचा झोत, रिव्हर्स कॅमेरा, वरखाली होणारी ड्रायव्हर सीट यांतलं बरंचसं बेस मॉडेलमध्ये गळालेलं असतं. गाडी नवरा-बायको दोघंही चालवणार असतील आणि दोघांच्या उंचीत फूटभर फरक असेल, तर सीट वरखाली होणं ही चैन नाही.

वर्षा_ठाणे

कृष्णाकाठ, हा हिशोब सप्टेंबर २०२५ च्या आधीचा वाटतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी बदलला. चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचं १२०० सीसी किंवा डिझेलचं १५०० सीसीपर्यंत असेल, तर १८ टक्के. आधी २८ अधिक उपकर (सेस), म्हणजे पेट्रोलला २९ आणि डिझेलला ३१ पडत होते. एक्स-शोरूम, म्हणजे आरटीओ-विमा सोडून, दहा लाखांची पेट्रोल गाडी नुसत्या कराच्या फरकाने सुमारे ८५ हजारांनी उतरली, डिझेल जवळपास एक लाखाने. जुन्या गाडीच्या मालकाच्या मनात मात्र त्याने स्वतः मोजलेली जुनी किंमतच बसलेली असते आणि तो त्यावरूनच भाव सांगतो.

(ब्रेझाचं वेगळं आहे. लांबी चार मीटरच्या आत असली तरी पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, त्यामुळे ती १८ मध्ये बसत नाही, ४० मध्ये जाते. आधी ४५ होते म्हणून तीही उतरली, पण तिच्या जुन्या-नव्या भावाची तुलना नेक्सॉनसारखी करू नका.)

माझा खरा आक्षेप सुरक्षेचा आहे. वायपर आणि कॅमेरा तुम्ही मोजलात, एअरबॅग मोजल्या नाहीत. नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅप या धडक-चाचण्या घेणाऱ्या संस्थेचे पाच तारे मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच. ती गाडी मजबूत आहेच. पण ते पाच तारे मोठ्या माणसांचे होते, मुलांच्या सुरक्षेला तीनच होते. २०२३ मध्ये ती नव्या रूपात येईपर्यंत तिच्या पेट्रोल-डिझेल टॉप मॉडेललाही एअरबॅग दोनच मिळायच्या. आज तिच्या बेसला सहा मिळतात. मागच्या सीटवर दोन पोरं बसवणार असाल तर मला टचस्क्रीनशिवायची सहा एअरबॅगवाली गाडी द्या, मी आनंदाने घेईन.

घाटवाट

कृष्णाकाठशी सहमत, विशेषतः आमच्यासारख्यांसाठी. कोल्हापूर-रत्नागिरी सारखं येणंजाणं असतं. आंबा घाटात पाच माणसं आणि आंब्याच्या पेट्या घेऊन चढताना डिझेलची ओढ लागते. चांगली ठेवलेली जुनी डिझेल मिळाली तर सोडू नये. एवढंच, की २०२० नंतरची बीएस६ (धुराच्या नव्या नियमांतली) डिझेल नुसती शहरात दोन-तीन किलोमीटर फिरवायला घेऊ नका. तिच्या धूर गाळणाऱ्या फिल्टरला, म्हणजे डीपीएफला, मोकळ्या रस्त्यावर सलग पळणं लागतं. नाहीतर तो काजळीने तुंबतो आणि खर्च अंगावर येतो. जुनी घेताना आधीचा मालक ती कुठे चालवायचा हे पहिल्यांदा विचारा.

वाशिष्ठी

मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ ला गावात पाणी शिरलं तेव्हा गाड्या कशा तरंगत होत्या ते डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून लिहितेय. त्याच पावसात महाड बुडालं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं होतं. त्या गाड्यांचं पुढे काय झालं? काही भंगारात गेल्या. पण टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीपलीकडची म्हणून विम्याने निकालात काढलेली गाडी कुणीतरी विकत घेतं, धुतं, आतलं कापड बदलतं आणि ती दुसऱ्या जिल्ह्यात चकाचक होऊन उभी राहते. कृष्णाकाठ म्हणतात ती ‘तीन ते पाच वर्षांची टॉप मॉडेल’ अशी असू शकते, आणि सामान्य माणसाला ते कळत नाही.

आमच्या मामेभावाने परजिल्ह्यातून अशीच एक आणली होती. आत अत्तराचा वास, सीटना नवे कव्हर. आमच्या मेकॅनिकने इंजिनला हातसुद्धा लावला नाही. आधी पुढच्या सीटचा पट्टा धरून शेवटपर्यंत बाहेर ओढला. वरचा भाग स्वच्छ होता, पण जो तळाचा भाग कधीच बाहेर येत नाही त्यावर चिखलाची आडवी रेघ. मग स्टेपनी उचलून खाली बोट फिरवलं तर बारीक गाळ. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले, डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या जोडांवर हिरवट गंज. कार्पेट बदलता येतं, हे सगळं बदलायचं म्हटलं तर गाडी पूर्ण उघडावी लागते, आणि तेवढं कोण करतं?

यात जिवाची भीती आहे ती वेगळीच. एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणारा डबा बऱ्याच गाड्यांत दोन पुढच्या सीटच्या मधे, अगदी खाली बसवलेला असतो. गुडघाभर पाणी म्हणजे तो बुडालाच. एअरबॅगचा दिवा बंद करून देणारे लोक आहेत. दिवा लागत नाही म्हणजे एअरबॅग शाबूत आहे असं नाही. चावी फिरवल्यावर तो दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. मुळीच लागत नसेल तर ती गाडी तिथेच सोडून या.

कृष्णाकाठ

वाशिष्ठीताई, हे लिहिलंत ते फार बरं झालं. पण यावरून निघतं ते ‘तपासून घ्या’ असं. ‘घेऊ नका’ असं निघत नाही. तपासायला इंजिनिअर लागत नाही. विम्याची सध्याची पॉलिसी मागा. चार वर्षांच्या गाडीवर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्य दिसला तर क्लेम कशाचा होता ते विचारा आणि विमा कंपनीकडून खात्री करून घ्या. दाराचं रबर बीडिंग हाताने सोडवून बघा. कंपनीचे स्पॉट वेल्ड (पत्रा जोडल्याचे ठिपके) गोल आणि ठरावीक अंतरावर असतात, ठोकठाक झालेल्या जागी ते दिसत नाहीत. बॉनेटच्या बोल्टवरचा रंग उडाला असेल तर तो कधीतरी खोलला आहे. टायरवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चार वर्षांच्या गाडीला आठ वर्षांचे टायर असतील तर काहीतरी गडबड आहे. आणि असे टायर घेऊन समृद्धीवर १२० ने जाणं म्हणजे जीव धोक्यात घालणं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद चॅसिस नंबरवरून निघते. २०२३ मध्ये ५५ हजार किलोमीटर आणि आज मीटरवर ४८ हजार, असं दिसलं की उठायचं.

हिशेबनीस

कृष्णाकाठ आणि वर्षा, दोघांच्याही आकडेमोडीत एक गोष्ट राहून गेली: गाडी किती वर्षं ठेवणार? खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. पुढे फिटनेस करून पाच-पाच वर्षांनी वाढवायचं, वर पर्यावरण कर. पाच वर्षांची घेतली तर दहा उरली. गाडी जीर्ण होईपर्यंत वापरणाऱ्या घराने कोरी घ्यावी, कारण घसारा सगळ्या वर्षांत विभागला जातो. पाच-सहा वर्षांत बदलणाऱ्याने कोरी घेणं म्हणजे सगळी घसरण स्वतः सोसून पुढच्याला स्वस्तात देणं. आपल्याकडे बहुतेक लोक ‘दहा वर्षं ठेवू’ म्हणून घेतात आणि मुलगी बारावीला गेली की बदलतात.

सातबारा

कागदपत्रांवर कुणीच बोललं नाही. हल्ली दिल्लीच्या डिझेल गाड्या इकडे फार येतात. तिथे दहा वर्षांच्या वरच्या डिझेलवर निर्बंधांची टांगती तलवार असते, त्यामुळे सात-आठ वर्षांची झाली की मालक मिळेल त्या भावाला काढतात. आपल्याला फोटोत ती स्वस्त दिसते. पण तिकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र (एनओसी) लागतं, म्हणजे फॉर्म २८. आणि गाडीच्या वयाप्रमाणे महाराष्ट्राचा कर इथे नव्याने भरावा लागतो. एवढं केलं की स्वस्ताई बरीचशी संपते.

राज्यातल्या राज्यात घेतली तरी मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय आणि आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) बँकेचा बोजा उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. बोजा उतरवायला फॉर्म ३५ लागतो. थकलेली ई-चलनं परिवहनच्या संकेतस्थळावर दिसतात. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो विकणाऱ्याचा असतो. विम्याचा हप्ता ठरवताना हे लक्षात असू द्या.

विकणाऱ्यांसाठीही एक गोष्ट: सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्याने मालक. ‘विकली, नावावर तो करून घेईल’ असं म्हणून सोडलेल्या गाडीने अपघात केला तर भरपाईची नोटीस जुन्या मालकाला येते.

वर्षा_ठाणे

सातबारा, धन्यवाद. बघा ना, एका जुन्या गाडीसाठी केवढी पळापळ. ज्या घरात नोकरी, शाळा आणि दवाखाना एकाच बाईच्या अंगावर आहे, तिला वॉरंटीची पहिली तीन वर्षं शांततेत जाणं किती मोलाचं आहे, हे या आकडेमोडीत कुणी धरत नाही. रात्री घोडबंदर रोडवर गाडी बंद पडली तर फोन कुणाला करायचा हे आधीच ठरलेलं असणं, मला तरी त्याचेच पैसे द्यायचे आहेत.

शिवाय ई२०. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे पाइप, रबर, सील त्याला चालतील असे आहेत. त्याआधीच्या पेट्रोल गाडीच्या मॅन्युअलमध्ये बहुधा ई१० च लिहिलेलं सापडेल.

कृष्णाकाठ

ई२० चा मुद्दा वजनदार आहे, म्हणून पेट्रोल घेणाऱ्यांसाठी माझी अट अधिक नेमकी करतो: एप्रिल २०२३ नंतर बनलेलीच बघा. नेक्सॉन असेल तर त्या वर्षीच्या बदलानंतरची, म्हणजे सहा एअरबॅगचाही प्रश्न मिटतो. पहिला मालक परदेशी किंवा दुसऱ्या शहरात गेला म्हणून कमी चाललेल्या अशा गाड्या पुण्यात निघतात, आणि त्यांची कंपनीची वॉरंटी उरलेली असू शकते. ती नव्या मालकाला मिळते का, हे सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा.

शांततेचं म्हणाल तर सात वर्षांचा हप्ताही झोप उडवतोच. एका पगारावर चालणाऱ्या घरात नोकरीचं बरंवाईट झालं की पहिला फोन बँकेचा येतो.

वर्षा_ठाणे

२०२३ नंतरची, फर्स्ट ओनर, वरचं मॉडेल आणि वॉरंटी शिल्लक. एवढ्या अटी घातल्या की त्या गाडीचा भाव आणि जीएसटी उतरल्यानंतरच्या कोऱ्या मधल्या मॉडेलचा भाव यांत फरक किती उरतो? माझा आग्रह एवढाच की शोरूमचं ऑन रोड कोटेशन हातात घेऊनच जुन्याचा सौदा करा. फरक दीड लाखाच्या आत आला तर मी कोरीच घेणार. त्याहून जास्त असेल तर वाशिष्ठीताईंचा मेकॅनिक बरोबर नेते.

वाशिष्ठी

वर्षा, आमचा मेकॅनिक चिपळूण सोडून येत नाही गं. पण तुझ्या जवळच्या गॅरेजवाल्याला सांग, पट्टा शेवटपर्यंत ओढायचा आणि स्टेपनी उचलायची. आणि गाडी पाहायला भर दिवसा जा, संध्याकाळी नको. पिवळ्या दिव्याखाली रंगाचा फरक कळत नाही.