निओह: त्या साखळीवाल्या राक्षसाने पार पिट्ट्या पाडलाय, काय करू?

कर्वेनगरचा_रोनिन:
मंडळी, सेलमध्ये निओह या व्हिडिओ गेमचा पहिला पार्ट घेतला. लंडन टॉवरमधला जल्लाद आरामात लोळवला, डोक्यात हवा गेली, आणि मग जपानला पोचल्यावर पहिल्याच बेटावर तो ओनर्योकी, दोन्ही हातांना साखळ्या न साखळीला हे एवढाले लोखंडी गोळे. काल रात्री मोजून 23 वेळा मेलो. चारपाच वार बसतात आणि नेमका तेव्हाच आपल्या हिरोला, विल्यमला, धाप लागते, वाकून उभा राहतो, मी बटणं बडवतोय पण हा ढिम्म. आई बाहेरून विचारते कोणाशी भांडतोयस एवढा. गेम बेकार आहे का मीच?

तालमीतला_गडी:
तूच 😄
बटणं बडवायची सवय सोड आधी. ती हिरवी पट्टी म्हणजे 'की', आपल्या भाषेत दम. वार संपला की त्या पट्टीत निळसर रंग भरत येतो बघ, तो वर पोचला की कंट्रोलरचं आर वन बटण दाब, गेलेला दम बराचसा परत मिळतो, यालाच की पल्स म्हणतात. राक्षस जमिनीवर ती करडी घाण सोडतो ना, त्यात उभं राहिलं तर दम भरतच नाही लवकर, तीही की पल्सनेच साफ होते. म्हणून दोनच वार, पल्स, मागे. तिसऱ्याचा मोह नको. आमचे वस्ताद हेच सांगायचे, डाव मारलास ना, आधी श्वास घे, मिशीला पीळ नंतर दे.

कीबोर्डवाला:
अंगावर काय चढवलंयस? वजन 70 टक्क्यांच्या वर गेलं की पळताभुई थोडी.

कर्वेनगरचा_रोनिन:
88 😐 सापडेल ते सगळं चिलखत घातलंय, मला वाटलं जेवढं जाड तेवढं बरं

कीबोर्डवाला:
मग हंडा डोक्यावर घेऊन फुगडी घालतोयस तू. काढ ते. आणि लो स्टान्समध्ये, म्हणजे शस्त्र खाली धरून चुकव, त्याचा गोळा आपटून झाला की मग हाय स्टान्समध्ये, शस्त्र वर उचलून, एक सणसणीत दे. वाटेत ती डोक्यावर वाटी घातलेली हिरवी पोरं, कोदामा, दिसली की सोडू नको, ती देवळाशी पोचली की औषध जास्त मिळेल असा आशीर्वाद निवडता येतो.

शनिवारपेठी:
अवांतर. विल्यम ॲडम्स खराखुरा माणूस होता हे माहितीये ना? इंग्लिश खलाशी, 1600 साली डच जहाजातून जपानला पोचला, तिथल्या बड्या सरदाराने, तोकुगावा इयासूने, ठेवून घेतला, 1620 ला तिथेच वारला. शिवाजी महाराजांचा जन्म 1630 चा, म्हणजे थोडक्यात चुकामूक. राक्षस मात्र गेम बनवणाऱ्या टीम निंजाच्या पदरचे. बाकी पुढे स्लॉथ टॅलिस्मन नावाचा ताईत मिळेल, शत्रूला लावला की तो स्लो मोशनमध्ये जातो. माझ्या मते ती चीटिंग आहे.

तालमीतला_गडी:
चीटिंग काय त्यात, गेमनेच दिलंय ना? शनिवारात सगळंच निषिद्ध.

कर्वेनगरचा_रोनिन:
मेला!!! रात्री पावणेदोनला. चिलखत उतरवलं, दोनच वार करायचे म्हणून मोठ्याने एक-दोन-पल्स, एक-दोन-पल्स म्हणत होतो, शेवटी तर तो गोळा उचलून फेकायला लागला तरी पट्ठ्या बधला नाही. ओरडलो तर खालच्या काकांनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं.
आता पुढच्या मिशनला एक छत्रीवाली बाई आहे ती लकवाच मारते. तिचं काय?

कीबोर्डवाला:
तिच्यासाठी वेगळा धागा काढ बाबा.