मदत हवी आहे: बंद पडलेल्या शाळेचा दाखला कुठून मिळेल?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल घ्यायला गेलो, तर मागांच्या खडखडाटात "सर, ओळखलं का?" अशी हाक आली. माझाच विद्यार्थी, नववीत शाळा सुटलेला. (गणितात पक्का होता हो!) आता त्याला १७ नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा) भरून दहावी द्यायची आहे.

अडकलंय दाखल्यावर. मूळ दाखला घर बदलताना हरवला, आणि ती खासगी अनुदानित शाळा बंद पडली. संस्थेच्या जुन्या पत्त्यावर आता गोदाम आहे, फोनही लागत नाही. आठवीच्या गुणपत्रकाची झेरॉक्स आणि दाखला हरवल्याचं प्रतिज्ञापत्र तयार आहे. त्याची रात्रपाळी असते, त्यामुळे हेलपाटे मीच घालणार.

अशा शाळेचं जनरल रजिस्टर (विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या नोंदींचं) सोलापुरात कोणाकडे जमा होतं? आणि दुय्यम दाखल्यावर कोणाची सही पुणे विभागीय मंडळाला चालते?