जर्मन बी१ झालंय, नोकरी लोझानला, आता?

कोथरूडकर: मॅक्सम्युलर भवनातून जर्मनचं बी१ (ए१ ते सी२ या सहा पातळ्यांमधली तिसरी) केलं. ऑफर आली लोझानची. स्वित्झर्लंडमध्ये जर्मन चालेल ना?

रास्तापेठी: लोझानला नाही चालणार. ते व्हो कॅन्टनमध्ये (कॅन्टन म्हणजे तिथलं राज्य) येतं, तिथली राजभाषा फक्त फ्रेंच. भाडेकरार, शाळेची पत्रं, नगरपालिकेची नोटीस, सगळं फ्रेंचमध्येच येणार. पुढे कायम वास्तव्याचा सी परवाना हवा असेल तर राहत्या ठिकाणच्या भाषेत बोलणं ए२ आणि लिहिणं ए१ लागतं. तिथे जर्मनचं प्रमाणपत्र धरत नाहीत. इथूनच आलियाँस फ्राँसेजला (फ्रेंच शिकवणारी संस्था) नाव घाला. जर्मन कामी येईल ती दुकानात: दुधाच्या खोक्यावर सहसा जर्मन, फ्रेंच, इटालियन तिन्ही असतात.

औंधकर: पुढे जर्मनभाषक झुरिकला बदली झाली तर बी१ असूनही समोरचं बोलणं डोक्यावरून जाईल, कारण लिहितात प्रमाण जर्मन आणि बोलतात स्विस जर्मन बोली. एसआरएफवर (तिथली जर्मन टीव्ही-रेडिओ वाहिनी) बातम्या प्रमाण भाषेत असतात, हवामान बोलीत. दोन्ही रोज लागोपाठ ऐका, कान त्यानेच तयार होतो.

कोथरूडकर: बर्न, फ्रीबूर्ग?

रास्तापेठी: हे दोन्ही कॅन्टन जर्मन-फ्रेंच द्वैभाषिक, व्हॅलेसुद्धा. पण बर्न शहर जर्मनच. कॅन्टनवर जाऊ नका, गाव बघा.